मामाजीले पकडायची रीत

आधी च्या घ्या, गार होऊन राह्यला. अन् हसायचं असन तं घोट गिळून हसा, काहून का मांगच्या खेपेले हे ऐकता ऐकता आमच्या वैशालीच्या नाकातून च्या आलता! आता माह्या अकलेचं काय सांगू तुमाले, बाप्पा. लोकं चुकून पायावर धोंडा पाडून घेतेत. मी तं धोंडा उचलला, नेम धरला, अन् मंग पायावर टाकला.

बोरी अरबले बसस्टँडजवळ माही पिको-फॉलची दुकान आहे, तुमाले माईतच आहे. तिथं मशीन चालते, अन् मशीनच्या बाजूले माहा मोबाईल चालते. मोबाईलवर तो राक्षस पकडायचा गेम! हसू नका. गावात फिरायचं, नकाशावर राक्षस दिसला का चेंडू फेकून पकडायचा, अन् पाळायचा. लहानसहान राक्षस तं कोणीही पकडते. पण बॉस? बॉस ठरल्या जागी, ठरल्या वेळी निघते, अन् एकट्यादुकट्याले भीक घालत नाही. पाच-सहा जणांनी एका जागी उभं राहून आपापले पाळलेले राक्षस त्याच्या अंगावर सोडायचे, तेव्हा कुठं तो ढिल्ला पडते. अन् ढिल्ला पडला म्हणजे हाती लागला असं नाही हं! त्याले बोर चारून, चेंडू गोल फिरवून पकडायचा तमाशा त्याच्यापुढं.

त्या बॉसची इंग्रजी नावं अशी, का म्हणता म्हणता दात पडतीन. म्हणून आमच्या टोळीनं आपलीच नावं ठेवली. एक फुगलेला, तो ढेमसा. एक शिंगाचा, तो हेला. अन् सगळ्यात खतरनाक जो, त्याच्या पांढऱ्या लांब मिशा, कपाळाले आठ्या, हातात एक चमकता गोळा, अन् आला का असा गरजते का कानठळ्या बसतीन. त्याले पाह्यल्याबरोबर माह्या तोंडून निघालं, "अवं माय! हे तं डिट्टो आमचे मामाजी!"

मामाजी म्हणजे माहे सासरे. आमच्याकडं सून सासऱ्याले मामाजी म्हणते अन् सासूले आत्याबाई. झालं! भूषण वेल्डरनं ते नाव उचललं, वैशालीनं उचललं, दारव्ह्याच्या टोळीनं उचललं. सारा तालुका माह्या सासऱ्याले पकडायले फिरून राह्यला, अन् माह्या सासऱ्याले पत्ता नाही.

आता खऱ्या मामाजीचं ऐका. त्यायच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू. शेजारच्या काकूले आत्याबाई समजून म्हणाले, "च्या ठेव वं." ते हसण्यावारी गेलं. पण एक दिवस वावरात चालता चालता कठडा नसलेल्या विहिरीच्या अगदी तोंडाशी जाऊन उभे राह्यले. माह्या नवऱ्यानं पाह्यलं म्हणून बरं! त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाही.

ऑपरेशनचं नाव काढलं का मामाजी पळतेत. मांगच्या वेळी दारव्ह्याच्या शिबिरात लाईनीत उभे होते, डोळ्यात थेंब टाकायची वेळ आली तं गायब! सापडले कुठं? केळापूरले, बहिणीच्या घरी, मस्त भरीत-भाकर खाऊन राह्यले. डॉक्टर म्हणे, "आता डोळा पिकला, जास्त दिवस काढले तं हातचा जाईन."

मंग मी लागली त्यायच्या मांगं. गोड बोलून, भजे तळून, एक एक पायरी. शेवटी एक दिवस हळूच म्हणाले, "पोरी, तू म्हणतं तं जातो. पण एक अट आहे. गाजावाजा नको, पाहुणे नको. मले बैलावानी धरून नेलं, तं मी पुन्हा त्या रस्त्यानं जाणार नाही."

म्हटलं, "मामाजी, तुमची शपथ. कोणाले कळणार नाही."

सोमवारी ऑपरेशन. अन् रविवारी काय व्हावं? बॉस निघाला! संध्याकाळी पाचले, मारोतीच्या पारापाशी. जिथं खरे मामाजी रोज संध्याकाळी बसतेत, अगदी तिथंच.

हातात एका बाईची साडी, पायाखाली मशीन, अन् अंगठ्यानं मी दारव्ह्याच्या टोळीसाठी बोलून संदेश टाकला. आमच्या अन् त्यायच्या टोळीचा ग्रुप 'बोरीकर पथक'. अन् घरचा ग्रुप? 'बोरीकर परिवार'. एकाखाली एक. अंगठा कुठं पडला असन, सांगा बरं? आता माहाच आवाज ऐका:

"ऐका बरं सगळे! मामाजी पाचले मारोतीपाशी बसते. एकट्यानं नाही जमत, पाच-सहा जण पाह्यजेत. तो पाण्याले भेते, म्हणून पह्यले पाण्याचा मारा करायचा, उठूच द्यायचं नाही. ढिल्ला पडला तरी लगेच हात नाही टाकायचा. बोर चारायचं, म्हणजे शांत होते. मंग तो अंगावर धावून येते, येऊ द्या! त्याचा वार संपला, का गोल फिरवून टाकायचं, मधात बरोबर बसला पाह्यजे. मांगच्या वेळी हातचा पळाला, या वेळी सोडायचा नाही!"

ऐकलं? अन् वरून सासऱ्याले एकेरी!

थोड्या वेळानं मोबाईलच्या वरच्या पट्टीत एक ओळ चमकली, "निघालो. पंप आणू काय?" आता आमच्या टोळीत चार्जिंगच्या डब्बीले पंप म्हणतेत, मोबाईलमध्ये हवा भरते म्हणून. मले वाटलं दारव्ह्याचा कोणी पोरगा आहे. नाव न पाहता मी ठोकून दिलं, "आण ना! भरून आण." नणंदेचे दोन फोन आले, तेही कापले. म्हटलं, पिकोचं काम सोडून कोण गप्पा मारते?

पाच वाजता मी, भूषण, वैशाली पारापाशी. दारव्ह्याचं कोणीच नाही. मले रागच आला, का एवढं समजावून सांगूनही येत नाही ही लोकं!

पारावर मामाजी बसले होते. फेब्रुवारीचं ऊन, आभाळात एक ढग नाही, अन् मामाजीच्या अंगावर रेनकोट! डोक्यावर उघडी छत्री! मी म्हटलं, "मामाजी, हे काय?"

"काही नाही," मामाजी म्हणाले. "तू आपलं काम कर. मीही पाह्यतो, कोण मायचा लाल येते तं."

मले तेव्हाच समजायले पाह्यजे होतं का नाही? पण बॉस निघाला ना! मान खाली, डोळे मोबाईलमध्ये, दुनिया गेली उडत.

मांगं एक गाडी थांबल्याचा आवाज आला. मी नाही पाह्यलं. मी वराडली, "चला, पाणी मारा! मारा पाणी!"

फुस्स्स! फुस्स्स!

मले वाटलं, वा, काय गेम आहे, आवाज किती खरा! म्हटलं, "थांबू नका! मिशांवर मारा, मिशांवर! उठून राह्यला, उठू देऊ नका!"

"अरे, छत्री आडवी येऊन राह्यली ना, वहिनी!" मांगून कोणीतरी म्हणालं.

"बाजूनं मारा!" मी म्हटलं. गेममध्ये छत्री कुठून आली, हा इचार माह्या डोक्यात आलाच नाही.

"ढिल्ला पडला! आता बोर! बोर चार, लवकर!"

"चारलं वहिनी, पण बी थुकून राह्यले!"

"थुकू दे! दुसरं चार! आता अंगावर येईन, येऊ द्या... आला, आला, वार करून राह्यला..."

ठण्ण! "अयायाई!"

"संपला वार! टाका, गोल फिरवून टाका!"

मी माहा चेंडू फिरवून फेकला. मधात बसला. हालला, डुलला, अन् बंद! मी तिथंच उडी मारली. "पकडला! मामाजी पकडला!"

अन् मान वर केली.

मुकुटबनचे आमचे जवाईबुवा, पाठीवर फवारणीचा पंप, हातात नळी, कपाळावर छत्रीच्या दांड्याचं टेंगूळ. ज्योती, माही नणंद, बोराची पिशवी घेऊन. केळापूरच्या आत्या, म्हणजे मामाजीची बहीण, बाजूले उभ्या, "घट्ट धरा, घट्ट धरा" करून राह्यलेल्या. आत्याबाई हात जोडून मारोतीकडं पाहून राह्यलेल्या. अन् मधात पारावर गाडीतली सोलापुरी चादर गुंडाळलेलं काहीतरी, त्याच्यातून फक्त दोन ओल्या मिशा बाहेर, अन् एका मिशीवर बोराचं साल.

ज्योती म्हणाली, "वहिनी, मानलं तुले! काय आखलं, वा! फक्त बाबाले एकेरी बोलायले नोतं पाह्यजे."

भूषण अन् वैशाली? माह्या जिवाभावाची टोळी? दोघं पाराच्या मांगं. फक्त खिदळायचा आवाज ऐकू येऊन राह्यलता.

चादरीतून आवाज आला. गरजला नाही. हळूच आला, म्हणून जास्त लागला. "तुह्या आत्याबाईच्या मोबाईलवर सकाळीच ऐकलं म्या, पोरी. तरी आलो. म्हटलं, दुसरा कोणी मामाजी असन. माही सून मले शब्द देऊन असं करणार नाही."

माह्या डोळ्यात टचकन पाणी आलं. एवढी मेहनत, एवढे भजे, अन् सारं मातीत! मामाजी चादर फेकून उठले. "नाही जात मी. उद्याही नाही, कधीच नाही. जाऊ द्या डोळे!"

आता काय करता? मी त्यायचे पाय धरले. म्हटलं, "मामाजी, तुमाले नाही पकडत होतो हो! हा मोबाईलमधला राक्षस! त्याच्या मिशा तुमच्यावानी, म्हणून मीच त्याचं नाव मामाजी ठेवलं."

जवाईबुवानं पंपाची नळी हळूच खाली केली.

"राक्षस?" मामाजी म्हणाले. "माह्यावानी?"

"थोडासा..."

"दाखव."

मी मोबाईल दिला. त्यायनं नाकाले लावला, दूर धरला, तिरपा केला. "कुठी आहे? नुसतं धुकं दिसून राह्यलं."

"मामाजी, दिसन कसं? मोतीबिंदू आहे ना."

मामाजी विचारात पडले. मिशीवरचं साल काढून फेकलं. मंग जवाईबुवाकडं तोंड करून म्हणाले, म्हणजे जवाईबुवा समजून भूषणच्या मोटारसायकलकडं तोंड करून म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं आहे? माह्या सुनेनं माहं थोबाड कुठं चिटकवलं, हे मले माह्या डोळ्यानं पाह्यचं आहे!"

अन् गेले बरं! लाईनीत सगळ्यात पुढं! डॉक्टरले म्हणे, "लवकर करा, मले एक राक्षस पाह्यचा आहे." डॉक्टर माह्याकडं पाहून राह्यले. मी खिडकीकडं.

पट्टी निघाली, काळा चष्मा लागला. आत्याबाई पुढं झाल्या, त्यायले वाटलं, पह्यले आपल्या बायकोले पाह्यतीन. मामाजी म्हणाले, "तू सरक जराशी. सूनबाई, मोबाईल आण."

मी भेतभेत मोबाईल धरला. मामाजीनं पाह्यलं. वरून पाह्यलं, खालून पाह्यलं. मंग असे हसले, का नर्सबाई धावत आल्या, "बाबा, हसू नका, डोळ्याले ताण पडते!"

"मिशा म्हणतं याले?" मामाजी म्हणाले. "पोरी, डोळे माहे गेलते का तुहे? ह्या मिशा नाहीत, वेण्या आहेत. कानामांगून निघून समोर आल्या, पाह्य. नाकात नथ आहे. बाई आहे ते!"

मी पाह्यलं. माय वं! खरंच नथ होती! एवढे दिवस पकडून राह्यलो, अन् एकालेही नथ दिसली नाही.

"अन् हे पाह्य," मामाजीनं बोट ठेवलं. "हातात चमकतं खेळणं, मान खाली, दुनिया बुडाली तरी वर पाहायचं नाही. हे माह्यावानी कुठी आहे? आत्याबाईले इचार, हे घरात कोण आहे तं."

आत्याबाईनं मोबाईल पाह्यला. मंग मले पाह्यलं. अन् पदर तोंडाले लावला.

तवापासून साऱ्या तालुक्यात त्या बॉसचं नाव 'सूनबाई'. मामाजीचा दुसरा डोळाही झाला, अन् आता त्यायचा स्वतःचा मोबाईल आहे. टोळीत सगळ्यात पक्का नेम त्यायचाच. मांगच्या रविवारी घरी पाहुणे होते, अन् परिवाराच्या ग्रुपवर त्यायचा आवाज आला, सगळ्यायच्या मोबाईलवर एकदमच:

"ऐका रे! सूनबाई पाचले मारोतीपाशी येते. पाण्याले भेत नाही. बोरं खाते, पण ऐकत नाही. मोबाईल हिसकला का लगेच ढिल्ली पडते. मंग पोळ्या लाटायले लावा."

चुकीच्या ग्रुपवर गेलं म्हणे, अंगठा घसरला!