लांबच्या कलमाला आधी पाणी

एकच समुद्र किती वेळा निळाशार करायचा याला काही मर्यादा असते. आरे-वारेच्या आसपास कोणी घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या, की त्यांच्या वेबसाईटसाठी मी तो निळाशार करायची. वाळू रुपेरी, माड डोलणारे, जेवण घरगुती. चार दिवसांनी त्यांचाच शेजारी यायचा आणि म्हणायचा, "ताई, त्यांच्यापेक्षा जरा वेगळं लिहा हां." समुद्र तोच, माड तेच, जेवणसुद्धा बहुतेक एकाच बाईच्या हातचं. वेगळं आणायचं कुठून?

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. एस.टी. स्टँडजवळ जिना चढून गेलं की एक खोली होती. मुंबईहून परत आलेल्या एका गृहस्थाने तिथे वेबसाईट करून देण्याचा धंदा थाटला होता, आणि वेबसाईटवरचा मजकूर लिहायला मला ठेवलं होतं. त्याआधी मी एका स्थानिक साप्ताहिकात जाहिराती लिहायची. तिथे मजकुराला मजकूर म्हणत, इथे कन्टेन्ट म्हणत, एवढाच फरक. साहेबांचा एक हेका असे. "मॅडम, ओरिजिनल पाहिजे. वाचणारा थांबला पाहिजे." मग ते स्वतः चहा प्यायला खाली जायचे आणि मी कोरी पाटी घेऊन बसायची.

होळीच्या सुमारास बागायतदार येऊ लागायचे. प्रत्येकाचा हापूस अस्सल, प्रत्येकाचा गवतात पिकवलेला, प्रत्येकाचे आजोबा दूरदृष्टीचे. न पाहिलेल्या इतक्या आजोबांना मी दूरदृष्टी वाटली की माझी जवळची दृष्टी तिथेच अधू झाली असावी. संध्याकाळी घरी जाताना डोकं पिळून काढल्यासारखं व्हायचं. नुसत्या पाट्या टाकायच्या म्हटलं तरी तेच शब्द पुन्हा टाकायचा कंटाळा यायचा.

आमची स्वतःची बाग जयगडच्या रस्त्याला होती. बाग कसली, कातळावर उभी केलेली थोडीशी कलमं. बाबा कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर ते पूर्णवेळ बागेत रमले, पण आंबा मात्र वाशीला पाठवायचे आणि दलाल कळवेल त्या भावाला मान डोलवायचे. ते मला बघवत नव्हतं. जगाच्या वेबसाईटी करते, बापाची का नको, असं म्हणून मी साहेबांना गळ घातली. त्यांनी होकार दिला.

बाबांकडून माहिती काढणं म्हणजे कठीण काम. समोर बसवून विचारलं की म्हणायचे, "यात लिहिण्यासारखं काय आहे गो? आंबा आहे. खायचा." शेवटी मी माळ्यावर आढी लावायला त्यांच्याबरोबर बसू लागले. गवताच्या थरावर फळ मांडताना हात गुंतलेले असले की त्यांची जीभ सैल व्हायची. तिथे ते आईबद्दल बोलले. आईला जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, आणि तिचं नाव निघालं की ते नेहमी उठून दुसऱ्या कामाला लागत.

कातळात सुरुंग लावून खड्डे केले, खालून माती वाहून आणून भरले, कलमं लावली. हे मला माहीत होतं. पाण्याचं माहीत नव्हतं. बाबा कचेरीत असत, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी घालायचं ते आईने. खालच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जे डबकं उरलेलं असे, तिथून ती लग्नातली पितळी कळशी भरून चढ चढायची. आणि तिचा एक नेम होता: आधी सगळ्यात लांबच्या कलमाला पाणी, मग जवळच्यांना. बाबा म्हणाले, "मी तिला हसायचो. जवळचं सोडून लांब कशाला जातेस? तर म्हणाली, दमल्यावर लांब जाववत नाही. जवळ कसंही जाता येतं."

मी तेच लिहिलं. जसं त्यांनी सांगितलं तसं, एकही डोलणारा माड न घालता. लिहिताना कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला थकवा आला नाही.

त्या मोसमात पुण्याहून, नाशिकहून फोन येऊ लागले. आंब्याचं बोलणं झाल्यावर बायका हमखास म्हणायच्या, "तुमच्या मिसेसचं वाचलं हो. डोळ्यांत पाणी आलं." आणि आमचे बाबा, जे माझ्याशी तिच्याबद्दल चार वाक्यं बोलले नव्हते, ते फोनची वायर बोटाला गुंडाळत अनोळखी माणसांना सांगत बसायचे. ती मोहराच्या दिवसांत केसांत फूल माळायची नाही, का तर बागेत एवढा वास असताना आणखी कशाला. तिला स्वतःला आंब्यापेक्षा फणस आवडायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. हे सगळं मला नवीन होतं. आंबा किती गेला त्यापेक्षा मला याचंच अप्रूप होतं, आणि माझ्या मते बाबांनाही.

पुढच्या वर्षी आंबा उतरायच्या आधीच ठाण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. बाबा नेहमीच्या उत्साहाने बोलायला लागले आणि मधेच थांबले. मग म्हणाले, "पटत नसेल तर घेऊ नका," आणि फोन ठेवला. आमच्याकडे गिऱ्हाईकाशी असं बोलायची रीतच आहे, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही. जेवताना ते म्हणाले, "हीच गोष्ट त्याने आणखी दोन-तीन ठिकाणी वाचली म्हणतो. तुम्ही कुणाची उचललीत, असं विचारत होता."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी शोधलं. खरंच होतं. एकाने आईची आजी केली होती. एकाने कळशी तांब्याची केली होती. तिसऱ्याने काहीच बदललं नव्हतं, फक्त वर एका नटव्या बाईचा फोटो लावला होता, डोक्यावर हंडा घेतलेली, गालात हसणारी. तो फोटो बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेब चहा पिऊन वर आले. म्हणाले, "मॅडम, नेटवर टाकलं की ते सगळ्यांचं. शिवाय सर्चमध्ये ते आपल्या वर येतायत. तुम्ही दुसरं काहीतरी ओरिजिनल लिहा." जणू माझ्याकडे आणखी एक आई शिल्लक होती.

फोटोवाल्या साईटवरचा नंबर मी फिरवला. दाभोळकडचे एक वयस्कर गृहस्थ होते, आवाज मऊ. मी जमेल तेवढं सुनावलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ताई, ते कॉम्प्युटरचं आमचा पुतण्या बघतो, मला काय ठाऊक नाय. चांगलं वाटलं म्हणून घेतलं असेल त्यानं." आणि पुढे म्हणाले, "पण खोटं नाय हो ते. आमच्या आईनंपण असंच पाणी घातलंन. डोईवरचे केस गेले तिचे."

मी फोन ठेवला. राग होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. त्या दिवशी मी घरापर्यंत चालत गेले, रिक्षासुद्धा केली नाही.

फोन येतच राहिले. सगळे काही संशय घेणारे नव्हते. पण एखादा विचारायचाच, "हे खरं आहे ना हो?" किंवा नुसतं हसायचा. बाबांनी तिच्याबद्दल बोलणं आधी कमी केलं, मग बंद केलं. फोन वाजला की ते माझ्याकडे बघायचे, मी उचलावा म्हणून. एका सकाळी अंगणात पेट्यांना चिठ्ठ्या लावता लावता म्हणाले, "ते काढून टाक गो तिथून."

"बाबा, गोष्ट आपली आहे. आपण का काढायची?"

"लोक विचारतात, ती खरी होती का. मी काय पुरावा देऊ? तिचा आणि पुरावा?" त्यांचा आवाज चढला नाही. "सगळे लिहितात तसं लिही. त्याला कोण काही विचारत नाही."

मी लिहिलं. अस्सल, रसाळ, मधुर, थेट बागेतून आपल्या घरी. हात सवयीचा होता, चहा निवायच्या आत झालं. कागदावर छापून घरी नेलं. बाबांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"ती कुठे नाही ना यात?"

"नाही."

"मग बरं आहे," म्हणाले आणि कागद घडी करून परत दिला.

आंबा खपला. मागच्या वर्षीपेक्षा कमी नाही, थोडा जास्तच. लोक भाव विचारत, पेटी कधी मिळेल विचारत. बाबा पुन्हा स्वतः फोन घेऊ लागले. ते भाव सांगायचे, पत्ता लिहून घ्यायचे आणि फोन ठेवायचे. आईबद्दल ते त्यानंतर कुणाशी बोलले नाहीत. मी आढी लावायला पुढची कित्येक वर्षं त्यांच्या शेजारी बसत होते, माझ्याशीही नाही.