आक्काची लेझीम

सात रस्त्याजवळच्या जिममधला ट्रेनर म्हणाला, "नुसती वजनं उचलून खांदे आखडलेत, काका. अंग सैल सुटेल असं काहीतरी खेळा." म्हणून माळ्यावरून थोरल्या बहिणीची, आक्काची, जुनी लेझीम काढली. गंजक्या लोखंडाचा वास तळहातांना लागला आणि मी अकलूजच्या आमच्या परसात जाऊन पोचलो.

आक्काच्या लग्नाचा आदला दिवस होता. हळद लागलेल्या नवरीनं घराबाहेर पडायचं नसतं, म्हणून ती परसातच मला शिकवत होती. तालमीत जोर-बैठका काढून मी लाकडासारखा ताठ झालो होतो. "खांदा सोड की! लई ताठ हायस," म्हणत तिनं मागून माझी मनगटं धरली. मग लेझीम स्वतःच घेतली, हिरवा चुडा मागं सारला आणि वाकत, झुलत, गिरक्या घेत खेळत सुटली. घामानं हळद ओघळली तरी थांबेना. मला वाटलं, मला दाखवतेय. ती शेवटचं खेळून घेत होती, हे आता कळतं.

काल तिला फोन केला. म्हटलं, "ये की सोलापूरला, दोघं खेळू."

ती हसली. "हात खांद्याच्या वर जात न्हाय रं आता."