एस्तेरच्या डब्याचं झाकण

फोन आला तेव्हा मी गच्चीवर कोकमाची सालं वाळत घालत होते. हात कोपरापर्यंत लाल. एस्तेरची भाची रिबेका सांगत होती, "बाई, मावशी गेली. सकाळी प्रार्थनेला बसली होती, तशीच..." आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? मरणसुद्धा हिला कसं अलगद आलं! महिना उलटला तरी त्या विचाराची लाज जात नाही. पण हेवा ही माझी जुनी खोड, आणि एस्तेर हे त्याचं हक्काचं ठिकाण.

रत्नागिरीत मुलींच्या एकाच शाळेत आम्ही बरोबर नोकरीला लागलो. मी मराठी शिकवायची, ती गणित. गणिताची बाई मुलींना आवडावी हे कुठल्या शास्त्रात बसतं? पण माझा तास संपला की मुली सुस्कारा सोडायच्या, आणि तिच्या तासाची घंटा झाली तरी जागच्या हलायच्या नाहीत. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी एकत्र जेवायचो. डबा उघडला की ती झाकण उलटं करायची, आपली अर्धी भाजी त्यात काढायची, माझ्यापुढे सरकवायची आणि मगच स्वतः घास घ्यायची. आदल्या दिवशी मी तिला फटकून बोललेली असले तरीही. कधीकधी मला त्या झाकणाचाच राग यायचा.

एका नाताळात तिच्याबरोबर चर्चमध्ये गेले. सगळे उभे राहून म्हणत होते, आम्ही पाप केलं आहे, आमच्यावर दया कर. त्यात हिचा आवाज सगळ्यांत मोठा. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "तू गो कसलं पाप केलंस? मुंगी दिसली तर वळसा घालून जातेस."

"अगो, तिथे 'मी' नाही म्हणत, 'आम्ही' म्हणतात," ती म्हणाली. "त्यातून कोणाला वगळायचं, ते मला नाही ठरवता येत."

मी 'करावे तसे भरावे' ऐकत वाढलेली. मला तो सगळा नम्रपणाचा दिखावा वाटला.

मग मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली. तिचं नाव पुढे होतं, माझं तिच्या मागे. मी एक निनावी अर्ज लिहिला... डाव्या हाताने, अक्षर कोणी ओळखू नये म्हणून. एस्तेरबाई ओळखीतल्या मुलींना पेपर आधी सांगतात, असं लिहिलं. शुद्ध खोटं. चौकशीत काहीच निघालं नाही, पण तोवर ती खुर्ची मला मिळाली होती. अभिनंदन करायला सगळ्यांत आधी तीच आली. आणि झाकण माझ्यापुढे येतच राहिलं, आता मुख्याध्यापिकेच्या खोलीत.

निवृत्त झाल्यावर मात्र मला राहवेना. एका संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर बसलेलो असताना सगळं सांगून टाकलं. ती समुद्राकडे बघत म्हणाली, "माहीत आहे मला. त्या आठवड्यात तुझ्या डाव्या बोटांना शाई होती. जेवताना हात पदराखाली धरायचीस."

"मग बोलली का नाहीस? भांडायचंस तरी!"

"कुठल्या तोंडानं? मीही लिहिला होता गो अर्ज, तुझ्याविरुद्ध. पाकीट घेऊन पोस्टापर्यंत गेले, तर दारात तुझी आई भेटली. माझा हात धरून म्हणाली, बाय माझे, आमची कुमुद तापट आहे, तिला सांभाळून घे. मी परत फिरले. त्यात माझं कसलं पुण्य? त्या भेटल्या नसत्या तर टाकलाच असता."

ऐकून मला रडू नाही आलं, संताप आला. "मग माझ्या वाटेत का नाही कोणी आलं? तुझ्या देवाची कृपासुद्धा तुझ्यावरच! आणि माझी आई, तीसुद्धा तुलाच भेटायची होती? खोटं आहे हे. मला बरं वाटावं म्हणून सांगतेस तू."

ती नुसती हसली. म्हणाली, "चल, अंधारायच्या आत घरी जाऊ."

गेल्या आठवड्यात रिबेका घरी आली. "मावशीने तुम्हाला द्यायला सांगितलं होतं," म्हणत तिने तो डबा माझ्या हातात ठेवला. आत एक जुनं, पिवळं पडलेलं पाकीट होतं, तिकीट लावलेलं. रिबेका गेल्यावर मी ते फोडलं. कुमुदबाई वर्गावर जातच नाहीत, मुलींना घरी बोलावून कोकमं फोडायला बसवतात, असं त्यात लिहिलं होतं. धडधडीत खोटं! उठावं आणि तिच्या दारात जाऊन भांडावं असं वाटलं... आणि मग अक्षराकडे लक्ष गेलं. वेडंवाकडं, कललेलं. तिनेही डाव्या हातानेच लिहिलं होतं. माझ्या बोटांवरची शाई तिने कशी लगेच ओळखली, ते तेव्हा कळलं. तीच शाई तिने आपल्या बोटांवरून घासून काढली असणार.

मला वाटलं होतं, ती माझ्याच रांगेतली आहे हे कळलं की हेवा जाईल. गेला नाही. एक तर तिच्या अर्जातलं मराठी माझ्यापेक्षा सरस आहे, मराठीची बाई मी असून. आणि दुसरं... असा राग मनात असताना ती वर्षानुवर्षं माझ्यापुढे झाकण सरकवत राहिली. मला एक आठवडासुद्धा जड जातोय.

हल्ली दुपारी मी त्याच डब्यात जेवते, एकटीच. झाकण उलटं करते, अर्धी भाजी त्यात काढते आणि टेबलाच्या पलीकडे सरकवते. 'माफ केलं गो' हे अजून तोंडातून निघत नाही. भाजी मात्र रोज काढते.