बादलीमागचा बेडूक

हे गेल्यापासून घरात मी एकटीच असते. एप्रिलमधल्या एका सकाळी न्हाणीघरात बादलीमागे बेडूक दिसला. ओल्या फरशीला पोट टेकून तो स्वस्थ बसला होता. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीतून शोषून घेतो, हे मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. पण तेव्हा माझ्यापुढचा बेडूक ट्रेमध्ये टाचण्यांनी टोचलेला असायचा. असा पाणी पीत बसलेला मी कधी निवांत पाहिलाच नव्हता.

कामाला येणारी सुनंदा फिनेल घेऊन आली.

"आज ते ओतू नकोस," मी म्हटलं. "त्याच्या कातडीतून आत जाईल. मरेल तो."

"मग बाहेर सोडू का, बाई?"

"बाहेर केवढं ऊन आहे. राहू दे."

तिनं नुसत्या पाण्यानं फरशी धुतली. मग वाकून बघत म्हणाली, "एकटाच आहे की."

"पावसाळ्यातले थोडे दिवस सोडले तर बेडूक एकटाच राहतो. त्याला कुणी लागत नाही."

"बरं आहे त्याचं," ती म्हणाली आणि पुढच्या घरी कामाला गेली.

मी दार लावून परत आले. बेडकाचा गळा भराभर खालीवर होत होता. त्याला बरगड्या नसतात, त्यामुळे प्रत्येक श्वास गळ्यानंच आत ढकलावा लागतो. मी स्टूल ओढून दारात बसले. कितीतरी महिन्यांनी या घरात माझ्याखेरीज कुणाचा तरी श्वास चालू होता.