एकदाच विचारायचं!

आमच्या घरी जेवायला येऊन उपाशी उठलेली माणसं आजवर दोनच. दोघंही इंग्लंडहून आली होती, दोघांना मीच बोलावलं होतं आणि त्या दिवशी घरात दोन किलो मटण शिजलं होतं.

आमची एकुलती एक लेक प्राजक्ता तिकडे इंग्लंडात नर्स आहे. तिथलाच टॉम नावाचा मुलगा तिनं पसंत केला. आम्ही तो व्हिडिओवर पाहिला. नाकीडोळी नीटस, गोरापान (हे सांगायला नकोच!) आणि आम्हाला बघताच दोन्ही हात जोडणारा. आमचे हे म्हणाले, "चांगलं हाय की पोरगं!" यांचं शिवाजी पेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, माणूस असो की सायकल, यांची पसंती एका नजरेत ठरते. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात प्राजूनं सांगितलं की टॉमचे आईवडील जानेवारीत गोव्याला येणार आहेत आणि तिथून एक दिवस आम्हाला भेटायला कोल्हापूरला! तिला आणि टॉमला रजा नव्हती. म्हणजे तिकडून दोन इंग्रज, इकडून आम्ही दोघं आणि मध्ये कोणीच नाही.

"आई, घाबरू नकोस," प्राजू म्हणाली. "साधी माणसं आहेत. फक्त टॉमच्या आईला जरा धाकधूक आहे. एकुलता एक मुलगा, त्यात परमुलखातली सून. तुम्हाला प्रत्यक्ष भेटल्यावरच ती काय ते बोलणार आहे."

"म्हणजे ती आम्हाला बघायला येणार?"

"तसं नाही गं. तू एकच कर. जेवताना आग्रह करू नकोस. तिकडे एकदाच विचारतात. नको म्हटलं की नको. तुझ्यासारखं पाहुण्याचा हात बाजूला सारून वाढत नाहीत."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. लेकीचं लग्न मोडायला हुंडा, पत्रिका, मानपान असलं काही लागत नाही, माझा भाताचा एक डावही पुरे, एवढं मला कळलं. मी दुसऱ्याच दिवशी मंगळवार पेठेतल्या इंग्रजी बोलण्याच्या क्लासला नाव घातलं. वर्गात वीस-वीस वर्षांची पोरं आणि त्यांच्यात छप्पन्न वर्षांची मी! पहिल्या दिवशी एक मुलगी मला बाई समजून "मे आय कम इन?" म्हणाली आणि मी घाबरून बाकाखाली शिरायचीच बाकी राहिले.

क्लासच्या सरांनी बेळगावच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं, पण इंग्रजांच्या रीतीभाती त्यांना तोंडपाठ होत्या. पगार विचारायचा नाही. वय विचारायचं नाही. कुणाला धक्का लागला तर सॉरी म्हणायचं आणि आपल्याला लागला तरीही आपणच म्हणायचं.

"मग बोलायचं तरी काय, सर?" मी विचारलं.

"हवेविषयी बोलायचं."

"आणि ते संपल्यावर?"

"हवा कधी संपत नाही, काकू."

जेवणाचा धडा त्याहून कडक होता. पाहुण्याच्या ताटात आधी काही वाढायचं नाही. भांडं पुढे धरायचं, एकदा विचारायचं, नको म्हणाले की भांडं मागे! दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे तिकडे असभ्यपणा. सगळ्यात शेवटी सर म्हणाले, "आणि लक्षात ठेवा, इंग्रज मनातलं कधी बोलत नाही. रागावला तरी तो हसतोच." आमच्या पेठेत रागावलेला माणूस तीन गल्ल्यांना ऐकू येतो, त्यामुळे सावध तरी होता येतं. हसणाऱ्या माणसाचं करायचं काय?

मी सगळे नियम कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले. यांनी त्यातलं एकच वाक्य पाठ केलं: "व्हेरी नाइस वेदर." मदतीला माझी नणंद, आक्का, शाहूवाडीहून तांदळाचं पोतं घेऊन आली. आक्का म्हणजे आग्रहाची खाण! तिच्या घरी जेवलेला माणूस दोन दिवस पालथा झोपू शकत नाही. तिला मी बजावलं, "आक्का, हात जोडते, पाहुणे जेवत असताना डाव घेऊन बाहेर यायचं नाही."

"का? म्या काय खाती व्हय त्यास्नी?"

"प्राजूच्या लग्नाचा प्रश्न आहे."

लग्नाचं नाव काढल्यावर आक्का गप्प बसली. (गप्प म्हणजे तिच्या मानानं. शेजारच्यांना ऐकू येत नव्हतं इतकंच.)

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, बाराच्या ठोक्याला टॅक्सी दारात! आमच्याकडे बाराला बोलावलेला पाहुणा दीडला येतो, त्यामुळे हे अजून बनियनवर होते. हे एका दारातून शर्ट घालायला पळाले आणि मी दुसऱ्या दारातून "सॉरी, सॉरी" करत पुढे झाले. टॉमची आई हेलन, उंच, सडपातळ, हातात फुलांचा गुच्छ. वडील जॉन, लाल चेहऱ्याचे, टोपी हातात घेतलेले. दोघं हसत होते. मला सरांचं वाक्य आठवलं.

"व्हेरी नाइस वेदर!" हे आतूनच ओरडले.

"ओह येस, लव्हली!" जॉनराव म्हणाले. मग भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. हे बाहेर आले, खुर्चीवर बसले आणि पुन्हा म्हणाले, "व्हेरी नाइस वेदर." सर म्हणाले होते ते खरंच होतं, हवा संपत नव्हती!

शेवटी मी त्यांना टेबलाशी बसवलं. ताटं रिकामी, कडेला फक्त मीठ, लिंबाची फोड आणि कांद्याच्या चार चकत्या. शेजाऱ्यांकडून मागून आणलेले काटे-चमचे. मी सुकं मटण घेऊन आले. वाफा निघत होत्या. भांडं हेलनबाईंपुढे धरलं आणि पाठ केलेलं विचारलं, "वुड यू लाइक मटण?"

हेलनबाईंनी भांड्याकडे पाहिलं, जॉनरावांकडे पाहिलं, मग हसून म्हणाल्या, "ओह, नो, थँक यू."

माझा हात सवयीनं पुढे गेलाच होता! मी तो अक्षरशः मागे ओढला. जॉनरावांना विचारलं. तेही हसून "नो, नो, थँक यू." मी भांडं उचललं आणि आत नेलं. हेलनबाईंची नजर भांड्यामागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. मला वाटलं, बघवत नसेल बिचारीला. मटणच चालत नसेल.

पांढरा रस्सा नेला. "नो, थँक यू." परत आणला. तांबडा नेला. "नो, थँक यू." तोही परत. भाकरी, भात, कोशिंबीर, सगळ्याला एकदा विचारलं आणि सगळं एकदाच परत आलं. माझ्या डोळ्यांपुढे प्राजूचा चेहरा दिसायला लागला. जेवणच नाकारलं म्हणजे मुलगीच नाकारली की! पाहुणे जेवत नाहीत म्हणून यांनीही ताटात काही घेतलं नव्हतं. तिघं तीन रिकाम्या ताटांपुढे बसून हवेविषयी बोलत होती. जॉनरावांनी कांद्याची चकती सुरीनं कापून, काट्यानं टोचून, हळूहळू चावून खाल्ली. मग दुसरी. हेलनबाईंनी लिंबू चोखलं.

आत आक्का माझ्या अंगावर आली. "वैनी, माणसं मरत्याली की भुकंनं!"

"नको म्हणतायत आक्का."

"नको तर आमचं जावईबी म्हणतंय! नको म्हनल्याशिवाय कोन जेवतंय व्हय?"

"तिकडे तसं नसतं. नको म्हणजे नकोच."

आक्कानं कपाळावर हात मारला आणि मागच्या पडवीत गेली. तिथं टॅक्सीचा ड्रायव्हर, सावंतवाडीचा पोरगा, जेवायला बसला होता. पाहुण्यांचा सगळा आग्रह त्याच्या वाट्याला आला. "घ्या की वो! लाजताय काय? मटान घ्या! रस्सा वता वाटीत! आनि एक भाकरी!" असा पुकारा सगळ्या घरात ऐकू येत होता. जॉनराव मान वळवून पडवीकडे बघू लागले. पडवीतून भुरके मारल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी तिसरी चकती उचलली.

अर्ध्या तासानं दोघं उठले. "लव्हली, थँक यू," म्हणाले. हसतच म्हणाले! हेलनबाईंचे डोळे मात्र ओले दिसले. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी पायरीवरच बसले.

"संपलं," मी म्हटलं. "लग्न मोडलं."

"भूक लागलीया," हे म्हणाले.

थोड्या वेळानं फोन वाजला. ड्रायव्हर कुजबुजत होता. "काकी, मी बोलतोय. पाहुण्यांनी कोपऱ्यावर गाडी थांबवायला लावली. मिसळ खातायत. आता दुसरी प्लेट मागवलीय. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण चमचा थांबत नाही!"

मी प्राजूला फोन लावला. तिकडे सकाळ होती, ती कामावर निघालेली.

"प्राजू, अगं ते मिसळ खातायत! आमच्याकडे काही म्हणजे काही घेतलं नाही!"

"तू किती वेळा विचारलंस?"

"एकदाच! तू सांगितलंस तसं!"

मग प्राजू बारीक आवाजात म्हणाली, "आई, मी त्यांना सांगितलं होतं, आई ताटात ओततच राहील. म्हणून पहिल्या दोन वेळा नको म्हणा. लगेच हो म्हणणं आमच्याकडे बरं दिसत नाही. तिसऱ्यांदा विचारलं की घ्या."

"मग मला कशाला सांगितलंस एकदाच विचार म्हणून?"

"मला काय माहीत तू ऐकशील!"

मी फोन ठेवला. त्या दोघांनी दोनदा नको म्हणायची तयारी केली होती आणि मी त्यांना दुसरी संधीच दिली नव्हती! प्रत्येक भांडं एकेका नकाराला घेऊन पळत होते! आक्कानं तोवर डबे भरलेसुद्धा. हे स्कूटरवर पुढे, मी मागे, मांडीवर मटण, एका हातात तांबड्याची किटली, दुसऱ्या हातात भाकऱ्यांचं फडकं. पहिल्याच गतिरोधकाला पाव किटली माझ्या साडीवर आली. "हळू चालवा!" मी ओरडले. "व्याही पोट भरून गेलं तर?" हे ओरडले आणि आणखी जोरात मारली.

मिसळीच्या दुकानात शिरलो तेव्हा हेलनबाईंच्या तोंडात पाव होता. मला बघताच त्या ताडकन उठल्या. नाक लाल, डोळे लाल, चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखी भीती. "सॉरी! सॉरी!" त्या म्हणाल्या. "सॉरी! सॉरी!" मी म्हणाले. जॉनराव म्हणाले, हे म्हणाले, ड्रायव्हरही उगीच एकदा म्हणाला. दुकानदार वैतागला. "वैनी, आत मटान न्हाय चालायचं. पावण्यास्नी भाईर बाकावर बसवा की!"

बाहेर बाकावर मी डबा उघडला. सरांचं सगळं इंग्रजी डोक्यातून उडालं होतं. मी डबा पुढे केला. "मटण?"

हेलनबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि घाबरत एक बोट वर केलं. "नो, थँक यू."

"मटण?"

दुसरं बोट. "नो, नो, थँक यू."

"मटण!" माझा आवाज इतका चढला की समोरच्या पानपट्टीवाल्यानं वळून पाहिलं.

"येस, प्लीज!" हेलनबाई किंचाळल्या आणि मला खरंच रडू आलं. त्यानंतर मी कुणाचं ऐकलं नाही. हात बाजूला सारून वाढलं. जॉनरावांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, हातानं. यांनी दुसऱ्या डब्यात तोंड घातलं ते वर काढलंच नाही.

जेवण झाल्यावर हेलनबाई माझा हात धरून बराच वेळ काहीतरी बोलल्या. मला त्यातलं "प्राजक्ता" तेवढं कळलं. ड्रायव्हरनं सांगितलं, "काकी, त्या म्हणतायत, मला वाटलं तुम्हाला आमचा मुलगा पसंत नाही. प्रत्येक भांडं आलं आणि लगेच परत गेलं. मी गाडीत रडले." म्हणजे जी बाई मला पास-नापास करायला आली म्हणून मी महिनाभर गारठले होते, ती माझ्याच दारातून नापास होऊन बाहेर पडली होती! मी त्यांना मिठी मारली. साडीवरचा तांबडा रस्सा त्यांच्या पांढऱ्या शर्टाला लागला. "सॉरी," त्याच म्हणाल्या.

लग्न येत्या हिवाळ्यात इथंच आहे. परवा प्राजूनं फोनवर निक्षून सांगितलं, "आई, उगीच गर्दी करू नकोस. शंभर माणसं खूप झाली." मी म्हटलं, "बरं बाई, तू म्हणशील तसं." आणि फोन ठेवून आठशे पत्रिका छापायला टाकल्या. लेकीचं ऐकून मी एकदा बघितलंय, माणसं उपाशी राहतात!