डाव्या बाजूचा पोचा

पुण्याहून माझी होस्टेलची मैत्रीण आणि तिचा नवरा दोन दिवसांसाठी बुलढाण्याला आले होते. पंचवीस वर्षांहून जुनी मैत्री, पण माझ्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. पहिला दिवस लोणारला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना तिचा नवरा म्हणाला, "देऊळघाटच्या रस्त्यावर कुणीतरी जुन्या गाड्यांचं म्युझियम केलंय ना? मोबाईलवर फोटो पाहिले मी. ते बघू आणि मग निघू."

मला ते ठिकाण ऐकून माहीत होतं. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गॅरेज बंद करून त्याच जागेत टिनाचं मोठं शेड टाकलं होतं आणि भंगारातून आणलेल्या गाड्या दुरुस्त करून मांडल्या होत्या. माझ्या कॉलेजातली मुलं तिथे जाऊन फोटो काढत. मी कधी गेले नव्हते. आमच्या घरात गाडीचा विषयच निघत नसे. पण पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती. तिला फक्त "फिरून येतो" एवढंच सांगून आम्ही निघालो.

शेडमध्ये वीसेक गाड्या होत्या. हँडल मारून चालू करायचा ट्रक, लाकडी बाकांची बस, कुण्या डॉक्टरची फियाट, तीन चाकांचा टेम्पो. प्रत्येक गाडीसमोर पाटीवर हाताने लिहिलेली माहिती. मिस्त्री चाचा सत्तरी ओलांडलेले, पांढरी दाढी, हातात पुसायचा कपडा. मैत्रिणीच्या नवऱ्याचे प्रश्न संपत नव्हते आणि चाचाही रंगून सांगत होते. "हिचं इंजन म्या तीन वेळा खोललं, साहेब. माणसाचं पोट एवढं खोललं असतं तर मी डॉक्टर झालो असतो."

आम्ही हसलो. मीही हसले, ते मला नीट आठवतं.

शेडच्या टोकाला एक काळी-पिवळी जीप उभी होती. पूर्वी आमच्याकडे गावोगाव सवाऱ्या नेणाऱ्या अशाच जिपा असत. मैत्रीण पुढच्या सीटवर चढून बसली आणि म्हणाली, "अरे, इथे धरायला कडी पण आहे! काढ, फोटो काढ." नवऱ्याने मोबाईल धरला. मग जिपेच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे बघून तो म्हणाला, "बाकी गाडी चकाचक केलीय आणि हा एवढा मोठा पोचा तसाच ठेवलाय. विसरले की काय?"

मी कडीकडे पाहिलं. लोखंडी सळई वाकवून डॅशबोर्डला वेल्डिंग केलेली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. अशी कडी जिपेला कंपनीकडून येत नाही. ती माझ्या बाबांनी करून घेतली होती. घाटातल्या वळणांना ताई घाबरायची म्हणून.

"खाली उतर," मी मैत्रिणीला म्हणाले. तिला वाटलं, मला बसायचंय. ती हसत म्हणाली, "थांब ना, एक फोटो." मी पुन्हा म्हणाले, "खाली उतर," आणि माझा आवाज असा निघाला की ती लगेच उतरली.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी बारावीला होते तेव्हा तिला मोताळ्याला अंगणवाडीत नोकरी लागली. बाबांची जीप बुलढाणा ते मोताळा चालायची, त्यामुळे ती रोज बाबांसोबतच जायची. पुढे, डाव्या बाजूला, तिची जागा ठरलेली. कितीही सवाऱ्या असल्या तरी बाबा ती जागा कुणाला देत नसत. नोकरीला तीन महिने झाले असतील. थंडीचे दिवस होते, सकाळी घाटात दाट धुकं. समोरून एक ट्रक वळणावर आपली बाजू सोडून आला. बाबांनी स्टेअरिंग डावीकडे वळवलं आणि जीप दगडी कठड्यावर आदळली. मागच्या नऊ माणसांना खरचटलं. बाबांच्या कपाळाला दोन टाके पडले. ताई जागेवरच गेली.

लोक म्हणत, ड्रायव्हरने प्रसंगावधान राखलं, नाहीतर ट्रकच्या धडकेने सगळी जीप दरीत गेली असती. आईच्या कानात मात्र एकच गोष्ट राहिली, की स्टेअरिंग डावीकडे वळवलं. त्या दिवसानंतर ती बाबांशी बोलली नाही. भांडली नाही, माहेरी गेली नाही. वेळेवर स्वयंपाक करायची, त्यांचे कपडे धुवायची, आणि काही सांगायचं झालं तर भिंतीकडे बघून म्हणायची, "जेवण झाकून ठेवलं आहे." बाबांनीही कधी स्वतःची बाजू मांडली नाही. जीप विकली, एका कृषी केंद्रात कामाला लागले आणि पुन्हा कुठल्याच गाडीच्या स्टेअरिंगला हात लावला नाही. बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली.

चाचा जवळ आले. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "काय झालं, बेटी? चक्कर आली काय?"

"ही जीप माझ्या वडिलांची होती," मी म्हणाले.

त्यांनी हातातला कपडा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "लहानी पोरगी काय तू? प्रोफेसर झाली ते?"

मी मान हलवली. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढून मला बसवलं आणि स्वतः जिपेच्या पायरीवर बसले.

"ही भंगारात पडेल होती," ते म्हणाले. "म्या उचलून आणली, तवा मले माहीत नव्हतं कोनाची आहे. तुह्या बाबाले कुठून समजलं, अल्ला जाने. एक दिवस आले आन् गेटजवळ उभे राह्यले. म्या म्हटलं, या भाऊ, आत या. ते आतच येईनात. दुसऱ्या हप्त्यात पुन्हा आले. मंग दर बाजाराच्या दिवशी यायचे. बारा वर्षं, बेटी. पाऊस असो का ऊन असो."

बाजाराच्या दिवशी बाबा पिशवी घेऊन निघत आणि दुपारी मेथीच्या दोन जुड्या घेऊन परत येत. एवढ्याशा भाजीला चार तास लागतात कसे, हे आमच्या घरात कुणीच त्यांना विचारलं नव्हतं.

"काय करायचे ते इथे?" मी विचारलं.

"बसायचे. गाडी पुसायचे आन् बसायचे."

"स्टेअरिंगवर?"

"नाही वं. कधीच नाही. या बाजूले." चाचांनी डाव्या सीटवर हात ठेवला. "गाडीले रंग देऊन राह्यलो होतो तवा म्या म्हटलं, भाऊ, हा पोचा ठोकून काढतो. तर म्हणे, नका काढू. माही पोरगी इथं होती. तेवढं राहू द्या."

मैत्रीण माझ्यामागे उभी होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. होस्टेलमध्ये मी तिला एवढंच सांगितलं होतं की माझी बहीण अपघातात गेली. गाडी कोण चालवत होतं हे सांगितलं नव्हतं. एकाच खोलीत चार वर्षं राहूनही नाही.

परत येताना त्यांच्या गाडीत मी सगळं सांगितलं. आणि आजवर कुणालाच न सांगितलेली एक गोष्टही सांगितली. तेराव्याच्या दिवशी पाहुणे गेल्यावर बाबा ओसरीत एकटे बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्हाले काहीच कसं झालं नाही?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाव ना." बस, तेवढंच. त्यानंतर माझी फी त्यांनी भरली, होस्टेलला सोडायला आले, माझ्या लग्नात पंगतीत वाढलं. मला ते शब्द परत घ्यायचे होते. दरवेळी वाटायचं, पुढच्या वेळी बोलू.

मैत्रीण रडत होती. तिच्या नवऱ्याने रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि म्हणाला, "मी त्या पोच्यावर विनोद केला." मी म्हणाले, "तुला कुठे माहीत होतं?" मला तरी काय माहीत होतं?

दुपारी ते दोघे पुण्याला निघाले. संध्याकाळी मी आईजवळ बसले आणि तिला सगळं सांगितलं. गाडी कुठे आहे, बाबा बारा वर्षं कुठे जात होते, कुठल्या सीटवर बसत होते. आई शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत. शेंगा संपल्यावर तिने टरफलं गोळा केली, बाहेर टाकून आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "मले घेऊन चाल."

दुसऱ्या दिवशी मी तिला रिक्षाने घेऊन गेले. चाचांनी तिला सलाम केला आणि ते शेडच्या बाहेर जाऊन थांबले. आई जिपेपाशी गेली. पोच्यावरून तळहात फिरवला, वरपासून खालपर्यंत, तापलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा. मी म्हणाले, "बसतेस का?" तिने मान हलवून नाही म्हटलं. मग जिपेकडेच बघत, पण भिंतीशी बोलायची तशी नाही, अगदी समोर माणूस असल्यासारखी म्हणाली, "घरी काऊन नाही सांगितलं तुम्ही? मी आली असती ना सोबत."

मी बाहेर आले. चाचा नळावर हात धूत होते. आत आई बोलत होती, मधेमधे थांबत होती, पुन्हा बोलत होती. शब्द मला ऐकू येत नव्हते आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. साधारण तासाभराने ती बाहेर आली. डोळे पुसलेले होते, पदर नीट केलेला होता. चाचांना म्हणाली, "भाऊ, येतो आम्ही."

ती पुन्हा तिथे गेली नाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, "आता काय उपयोग? आता कोण बसलं आहे तिथं?"