काळेवाडीतलं जर्मनीचं घड्याळ

अर्जुनराव गराड्यांच्या पवना नदीकाठच्या काळेवाडीतल्या घरात दोन घड्याळं आहेत. एक देव्हाऱ्यावर, ते आपलं. दुसरं टीव्हीवर, ते जर्मनीचं. सुजित, त्यांचा एकुलता मुलगा, एप्रिलमध्ये चाकणच्या कंपनीकडून तीन वर्षांसाठी तिकडं गेला, बायको ऋता आणि सहा वर्षांची अनुया यांना घेऊन. विमान उतरल्याचा फोन आला, तसे अर्जुनराव चप्पल घालून थेट पिंपरीच्या बाजारात गेले आणि नवं घड्याळ घेऊन आले. साडेतीन तास मागं लावून खिळ्याला अडकवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचे. "हे बघा, आत्ता तिकडं सकाळचे सात. पोरगं दात घासत असंल."

आता घड्याळाचं एवढं वेड का, तर तो धंदाच होता त्यांचा. कासारवाडीजवळच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये एकतीस वर्षं. कामगारांची कार्डं पंच करून घ्यायची, लेट मार्क टाकायचे, आणि पहिल्या शिफ्टचा भोंगा वाजला की घड्याळ बघून दहा मिनिटं सवलत द्यायची. सात वाजून दहा मिनिटं झाली की गेट बंद. मग बाहेर कुणीही असो. एकदा तर म्हणे खुद्द मॅनेजरची गाडी सात-अकराला आली. अर्जुनरावांनी आतूनच हात जोडले, पण कुलपाला हात लावला नाही. मॅनेजर मागच्या दारानं आत गेला आणि दुपारी त्यांना चहाला बोलावून म्हणाला, "गराडे, तुमच्यामुळं कारखाना चालतो." ही गोष्ट त्यांच्या तोंडून आख्ख्या काळेवाडीनं ऐकलीय. लग्नात ऐकलीय, बारशात ऐकलीय, सलूनच्या खुर्चीत बसून ऐकलीय.

रणजीतचीही एक गोष्ट ते सांगायचे. रणजीत म्हणजे लेथवरचा पोऱ्या. बायकोला बाळंतपणाला दवाखान्यात सोडून धावत आला, पण सात-बाराला. गजांच्या पलीकडून म्हणाला, "काका, घड्याळ काय बघताय, माणूस बघा की!" तर अर्जुनराव म्हणाले होते, "बाळा, घड्याळाला बायको न्हाई." हे सांगून ते मांडीवर थाप मारून हसायचे. समोरचेही हसायचे. एकट्या सावित्रीबाई तेवढ्यात उठून आत जायच्या, दूध बघायला.

सावित्रीबाई म्हणजे त्यांच्या पत्नी, तळेगावकडच्या. अनुयाला जन्मल्यापासून सहा वर्षं त्यांनीच न्हाऊ घातलं. न्हाऊ घालताना एक गाणं म्हणायच्या, स्वतःच जोडलेलं. गाणं कसलं, मोरीतल्या गप्पाच. पण त्या गाण्याशिवाय पोरगी डोक्यावर पाणी पडू द्यायची नाही. जर्मनीला गेल्यावर पंचाईत झाली. शेवटी असं ठरलं, की दर रविवारी तिकडच्या नऊला, म्हणजे आपल्या साडेबाराला सुजितनं फोन लावायचा, न्हाणीघरात उभा करून ठेवायचा, आणि आजीनं इकडून गाणं म्हणायचं. एप्रिल ते ऑक्टोबर, एक रविवार चुकला नाही. साडेबाराला फोन वाजायचा आणि अर्जुनराव दोन्ही घड्याळांकडं बघून मान डोलवायचे. जणू पोरानं कार्ड पंच केलं.

त्याच ऑक्टोबरात सावित्रीबाईंचा आवाज बसला. आधी वाटलं हवा बदलली. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. मग दुर्बीण घालून बघितलं, तुकडा तपासला, आणि डॉक्टरांनी शुक्रवारी दोघांना समोर बसवलं. स्वरयंत्रात गाठ होती. काढायची तर सगळंच काढावं लागणार. सोमवारी सकाळची वेळ मिळत होती, रविवारी दुपारी दाखल व्हायचं.

"आवाज राहणार नाही, आजी," डॉक्टर म्हणाले.

"जीव ऱ्हातोय न्हवं? मग झालं," सावित्रीबाई म्हणाल्या. पण बाहेर बाकड्यावर बसल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, की अनुयाच्या आंघोळीचं काय.

अर्जुनरावांनी तिथूनच सुजितला फोन लावला. सुजित कामावर होता. त्यानं दिवस आणि वेळ दोनदा विचारून घेतली. मग म्हणाला, "बाबा, सोमवारच्या आत मी नाही पोचू शकत. पण एक करू. रविवारी मी नेहमीच्या वेळेला लावतो, आणि आईचं गाणं फोनमध्ये पुरतं भरून घेतो. आपल्याकडं कायमचं राहील. आईला म्हणावं, तोवर घसा जप."

सावित्रीबाईंनी घसा जपला. शुक्रवार संध्याकाळपासून त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीठ पाहिजे तर बोटानं डबा दाखवायच्या. शेजारच्या सुमनताई भेटायला आल्या, त्यांच्याशीही हातवारे. सुमनताई म्हणाल्या, "अहो, दोन शब्द बोला तरी!" तर त्यांनी बोटं मोजून दाखवली: शनिवार, रविवार. आणि हसल्या.

रविवारी साडेअकरालाच त्या वेणी घालून, गरम पाण्याचा पेला घेऊन फोनसमोर बसल्या. दवाखान्याची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. रिक्षा दोनला सांगितली होती.

साडेबारा झाले. टीव्हीवरच्या घड्याळात नऊ. फोन गप्प.

बारा-पस्तीस. अर्जुनराव उठून येरझाऱ्या घालू लागले. बारा-चाळीस. जर्मनीत नऊ-दहा. आणि इथं एकतीस वर्षांची सवय उभी राहिली.

"संपली सवलत," ते म्हणाले. "आईचं आप्रेशन हाय उद्या, आन ह्याला रविवारची झोप आवरंना!"

सावित्रीबाईंनी हातानं थांबा म्हटलं. फोनकडं बोट केलं, तुम्ही लावा, अशी खूण केली.

"आमी लावायचा? गेटनं कामगाराच्या घरी जायचं व्हय? न्हाई." त्यांनी फोन बंद केला, कपाटात ठेवला, किल्ली फिरवून खिशात टाकली. "आता लावू दे त्याला. कळू दे, उशीर म्हंजे काय."

तेव्हा मात्र सावित्रीबाई बोलल्या. दोन दिवस साठवलेला आवाज त्यांनी इथं खर्च केला. "अवो, काय तरी घड्याळाचंच झालं आसंल. गेल्या रविवारी अनुया म्हनली न्हाई का?"

म्हणाली होती. अर्जुनरावांना चांगलं आठवत होतं. अंगावर टॉवेल गुंडाळून ती म्हणाली होती, "आजोबा, पुढच्या रविवारी आम्हाला सगळ्यांना एक तास जास्त झोपायला मिळणार! टीचरनी सांगितलं." त्यावर ते पोट धरून हसले होते. "तास कोण वाढवून देतंय गं बाळा? तुझ्या टीचरला म्हणावं, माझ्या टाइम ऑफिसात ये, बघतो."

"लेकराचं काय धरून बसलीस," ते आता म्हणाले. "घड्याळ कधी मागं जातं व्हय? वाढ जेवायला."

दीड वाजता दोघं जेवत होती. सावित्रीबाई भाकरीचा एकेक तुकडा मोडत बंद कपाटाकडं बघत होत्या. बरोबर त्याच वेळी, पुढं कळलं ते असं, सुजित न्हाणीघरात फोन उभा करून लावत होता, ऋता भरून घ्यायला दुसरा फोन धरून उभी होती, आणि अनुया बादलीत हात घालून बसली होती. तिकडं खरे नऊ आत्ता वाजले होते. त्या देशात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे सगळी घड्याळं एक तास मागं नेतात. मार्चमध्ये पुन्हा पुढं आणतात. हिवाळ्यात आपल्यात-त्यांच्यात साडेतीन नव्हे, साडेचार तास. सुजितचा तिथला पहिलाच हिवाळा. त्याचा मोबाइल आपोआप मागं गेला, तो नऊला हजर झाला. काळेवाडीतल्या भिंतीवरच्या घड्याळाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

दोनला रिक्षा आली. निघताना सावित्रीबाईंनी कपाटाकडं हात केला. "ऱ्हाऊ दे," अर्जुनराव म्हणाले. "दवाखान्यात फोन लागतोय कशाला? मी हाय की."

वॉर्डात संध्याकाळी राग उतरला. शेजारच्या खाटेवरल्या मंजुळाबाईंच्या मुलीनं स्वतःचा फोन पुढं केला. "लावा, आजोबा, काय नंबर?" हजार कामगारांचे कार्ड नंबर ज्यांना पाठ होते, त्यांना पोराचा नंबर येत नव्हता. तो फोनला येत होता, आणि फोन कपाटात होता.

पावणेसातला सावित्रीबाईंनी त्यांच्या मनगटाला धरून जवळ ओढलं. आवाज फाटक्या कापडासारखा झाला होता. "जाऊ द्या. तुमी तरी ऐका. मी म्हनते, तुमी ध्यानात ठेवा."

अर्जुनरावांनी भिंतीवरच्या पाटीकडं बघितलं. भेटीची वेळ पाच ते सात. घंटा कधीही झाली असती. आणि बायकोनं असं शेवटचं शेवटचं बोलावं, हे त्यांना सोसेना, हेही खरं. "दमवू नगंस सोताला," ते म्हणाले. "सकाळी सहाला न्यायचंय. गप पड." घंटा झाल्यावर सगळ्यांच्या आधी तेच उठले. वेळ म्हणजे वेळ.

सोमवारी ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, गाठ पुरती निघाली. रात्र दवाखान्याच्या बाकड्यावर काढलेले अर्जुनराव कपडे आणायला घरी आले, कपाट उघडलं, फोन सुरू केला. तो हातातच थरथरत राहिला. सतरा वेळा लावल्याचं दिसत होतं. खाली सुजितचे निरोप. "बाबा, फोन का बंद?" "बाबा, आज इथं घड्याळं तासभर मागं गेली, मी सांगायला विसरलो, चूक माझी." "बाबा, आम्ही अजून बसलोय." शेवटी अनुयाचा आवाज, "आजी, पाणी गार झालं."

ते कपाटासमोर खालीच बसले. समोर टीव्हीवरचं घड्याळ चाललं होतं, एक तास खोटं, ठणठणीत टिकटिक करत.

सुजित पुढं आठ दिवसांसाठी येऊन गेला. एका शब्दानं बोलला नाही. उलट "माझंच चुकलं" म्हणून बापाच्या पाया पडला, आणि अर्जुनरावांना वाटलं, याच्यापेक्षा यानं आपल्याला गेटबाहेर उभं केलं असतं तर बरं झालं असतं. रणजीतची गोष्ट त्यांनी त्यानंतर कुठं सांगितली नाही. सलूनवाला एकदा म्हणाला, "काका, ते घड्याळाला बायको न्हाई, ते सांगा ना," तर अर्धी दाढी तशीच ठेवून उठले.

सावित्रीबाई आता पाटीवर लिहून बोलतात. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर गोल. घरी आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं ते, "ते घड्याळ एक तास मागं करा." अर्जुनरावांचा हात चालेना, तेव्हा स्टुलावर चढून त्यांनीच केलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी, दुपारी दीडला, फोन वाजला. पडद्यावर अनुया, टॉवेल गुंडाळून. "आजी, म्हण ना! आईनं डोक्यावर पाणी घातलं की डोळ्यात जातं."

सावित्रीबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. अर्जुनराव खाकरले. सहा वर्षं ते गाणं रोज मोरीच्या दाराआडून त्यांच्या कानावर पडलं होतं. आंघोळीला अठरा मिनिटं लागतात, हे त्यांना माहीत होतं. कधीकधी "वीस झाली!" म्हणून ते दारावर थापही मारायचे. पण शब्द? पहिल्या दोन शब्दांपुढं त्यांना काही येईना.

सावित्रीबाईंनी पाटी मांडीवर घेतली. एक ओळ लिहायची, नवऱ्यापुढं धरायची, पुसायची, दुसरी लिहायची. अर्जुनराव वाचत गेले, तेही हजेरी घेतल्याच्या आवाजात:

"पवनेचं पाणी, गरम गरम. अनुयाची पाठ, नरम नरम. साबण पळाला मोरीत गं. धरा त्याला दोरीत गं."

"असं नाही, आजोबा!" अनुया ओरडली. "आजी हळू म्हणते. आणि साबण पळाला की ती थांबते!"

"कुठं थांबती?"

"पळाला... मग थांबते. मग मी हसते. मग दोरी."

अर्जुनरावांनी सावित्रीबाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, आणि पाटीवर बोटांनी ताल धरला, पाठीवर तेल जिरवताना धरतात तसा. अर्जुनरावांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा ते साबणापाशी थांबले, पोरगी थोडंसं हसली, आणि ऋतानं तेवढ्यात डोक्यावर पाणी घातलं.

केस निथळत अनुया परत पडद्यासमोर आली. तिला एवढंच सांगितलं होतं, की आजीचा घसा दुखतोय.

"आजोबा, तुमचं चालेल," ती समजूत घालावी तशी म्हणाली. "पण आजीला सांगा, बरं वाटलं की पुढच्या रविवारी तिनं म्हणायचं. सांगाल ना?"

सावित्रीबाई शेजारीच बसल्या होत्या.

"व्हय," अर्जुनराव म्हणाले. "सांगतो."

सावित्रीबाईंनी पदराच्या टोकानं पाटी पुसायला घेतली. पुसून झाली, तरी पुसत राहिल्या.